खत न मागणारे फूल : पिनकुशनसाठी माती कशी निवडावी

पेरणाऱ्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. चार जागी बी पडते, तीन ठिकाणी वाया जाते आणि चांगल्या जमिनीत पडलेले भरघोस पीक देते. खोल, भुसभुशीत, काटेकुटे नसलेली, धान्याला मानवणारी ती चांगली जमीन, हे शेतीवाडी पाहिलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

दक्षिण आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडच्या डोंगरांत मात्र असे एक फुलझाड आहे की त्याच्यासाठी ही प्रतवारी उलटी मांडावी लागते. दगडगोटे, वाळू, आंबट आणि उपाशी माती असेल तिथे ते वर्षानुवर्षे फुलते. शेणखत आणि रासायनिक खत भरपूर मिळालेल्या सुपीक वाफ्यात लावले तर पिवळे पडून वाळून जाते. त्या झाडाचे नाव पिनकुशन.

या परदेशी फुलाविषयी इथे लिहिण्याचे कारण आहे. आपण ज्या पाड्यांसाठी देणगी देतो, तिथल्या जमिनीविषयी ‘हलकी’, ‘वरकस’, ‘नापीक’ हे शब्द आपण सहज वापरतो आणि खत हाच त्यावरचा उपाय समजतो. माती आधी ओळखावी आणि मग तिला काय द्यायचे ते ठरवावे, हा धडा पिनकुशनइतका स्पष्ट शिकवणारी झाडे थोडी आहेत.

एका नावाची दोन झाडे

शिंपी ज्या छोट्या गादीत टाचण्या टोचून ठेवतो तिला इंग्रजीत पिनकुशन म्हणतात. तशी दिसणारी फुले दोन वेगवेगळ्या कुळांत आहेत आणि दोघांनाही बाजारात हेच नाव आहे.

पहिले झाड स्कॅबिओसा. हे मूळचे मुख्यतः युरोप आणि भूमध्य समुद्राभोवतालच्या प्रदेशातले. त्याच्या काही रानटी जाती चुनखडीच्या माळांवर वाढतात. त्याला निचऱ्याची, मध्यम कसाची आणि थोडा चुना असलेली माती चालते. आपल्याकडे थंडीच्या दिवसांत वाफ्यात किंवा कुंडीत लावता येते.

दुसरे झाड ल्युकोस्पर्मम. हे प्रोटिया कुळातले कणखर झुडूप आहे. त्याच्या सुमारे ५० जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम केप प्रांतातल्या. फुलबाजारात जास्त दिसणारी जात ल्युकोस्पर्मम कॉर्डिफोलियम. तिचे नारिंगी, तांबडे किंवा पिवळे फूल तळहाताएवढे असते. खरे तर ते एक फूल नसून अनेक लहान फुलांचा गुच्छ असतो, आणि बाहेर आलेल्या टाचण्या म्हणजे त्या फुलांचे लांब केसरदांडे. मध पिण्यासाठी पक्षी गुच्छावर बसतो तेव्हा टाचण्यांच्या टोकावरचे पराग त्याच्या डोक्याला लागतात आणि पुढच्या झुडपावर पोचतात. तोडलेले फूल पाण्यात दोन आठवडेही टिकते, म्हणून त्याला परदेशी बाजारात मागणी आहे.

मुद्दा असा की स्कॅबिओसाला चुना चालतो आणि बहुतेक ल्युकोस्पर्ममना तो सोसत नाही. नुसते ‘पिनकुशन’ म्हणून बी किंवा रोप घेतले तर माती निवडताना पहिल्याच पायरीवर घोटाळा होतो. घेताना शास्त्रीय नाव विचारावे. यापुढे लिहिले आहे ते केपच्या ल्युकोस्पर्ममविषयी.

उपाशी मातीचा देश

केप टाउन शहराच्या मागे टेबल माउंटन उभा आहे. तो आणि त्याच्यापुढच्या अनेक डोंगररांगा वालुकाश्माच्या आहेत. हा खडक बहुतांशी गारगोटीचा. तो झिजला की पांढरट, भरड वाळू होते. तिच्यात झाडाला लागणारी अन्नद्रव्ये फार थोडी असतात, आणि जी असतात तीही हजारो वर्षांच्या पावसाने धुऊन गेलेली. सामू आम्लतेकडे झुकलेला असतो. पाऊस पडतो तो मुख्यतः हिवाळ्यात, म्हणजे मे ते ऑगस्टमध्ये. उन्हाळा कोरडा आणि वाऱ्याचा.

अशा मातीत काय उगवणार, असे वाटेल. प्रत्यक्षात या केप प्रदेशात सुमारे ९,००० जातींच्या वनस्पती आहेत आणि त्यांतल्या दोन तृतीयांशांहून अधिक जगात दुसरीकडे कुठेही नैसर्गिकपणे आढळत नाहीत. तिथल्या झुडपांच्या रानाला फिनबॉस म्हणतात. २००४ मध्ये युनेस्कोने या प्रदेशातली राखीव क्षेत्रे जागतिक वारशाच्या यादीत घेतली.

आपल्याला हे अगदीच अनोळखी नाही. साताऱ्याजवळच्या कास पठारावर जांभ्या खडकावर मातीचा नुसता पातळ थर आहे. नांगर लावावा अशी ती जमीन नाही, तरी पावसाळा सरता सरता तिथे फुलांचे गालिचे पसरतात. काही झाडे तर किडे पकडून नत्राची उणीव भरून काढतात. त्या पठारावर खत टाकून ‘सुधारणा’ केली तर गवत माजेल आणि ती फुले मागे हटतील.

मुळांची करामत आणि तिचा धोका

पिनकुशन उपाशी मातीत जगते ते मुळांच्या बळावर. वरच्या थरात, पालापाचोळ्याखाली, त्याच्या मुळांना बारीक केसाळ मुळ्यांचे दाट झुबके फुटतात. बाटली धुण्याचा ब्रश डोळ्यांपुढे आणा, तसे ते दिसतात. हे झुबके मातीत आम्ले सोडतात. लिंबात असते ते सायट्रिक आम्लही त्यांत असते. मातीच्या कणांना घट्ट चिकटलेले स्फुरद या आम्लांमुळे सुटते आणि झाड ते शोषून घेते. इतर झाडांना जे मिळतच नाही, ते या कुळाला मिळते.

स्फुरद सर्वच झाडांना लागते. मुळे वाढायला, फुले-बिया धरायला त्याची गरज असते. पुष्कळशी पिके गरज भागली की स्फुरद घेणे कमी करतात. पिनकुशनच्या कुळाला पिढ्यान्पिढ्या टंचाईचीच सवय. त्यामुळे ‘आता पुरे’ म्हणणे त्याला नीट जमत नाही. समोर आलेले स्फुरद ते घेत राहते आणि ते पानांत साठते. जुन्या पानांची टोके आणि कडा करपतात. कोवळी पाने पिवळी पडतात, कारण स्फुरद वाढले की लोहाचा पुरवठा अडतो. शेवटी झाड मरते. दीर्घ उपासमारीतून आलेल्या माणसाला एकदम भरपेट जेवण दिले तर त्याच्या जिवाला धोका होतो, हे डॉक्टर सांगतात. इथेही काहीसे तसेच घडते.

पाने पिवळी दिसली की माळी काय करतो? आणखी खत घालतो. पिनकुशन लावणारे हमखास फसतात ते इथेच.

जमीन पारखताना

केपमध्ये किंवा तसल्या हवामानात पिनकुशन लावायचे असेल तर पुढच्या गोष्टी या क्रमाने पाहाव्यात.

१. निचरा. ही पहिली अट. सुमारे ३० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा खणावा. तो पाण्याने भरून जिरू द्यावा आणि लगेच पुन्हा भरावा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी दोन-चार तासांत उतरले तर जागा बरी. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसले तर ती जागा सोडावी. उताराची जागा नेहमी सपाटीपेक्षा चांगली. साचलेल्या कोमट पाण्यात फायटोप्थोरा नावाचा रोग मुळांना कुजवतो आणि एकदा तो जमिनीत शिरला की काढणे जवळजवळ अशक्य. तो चिखलाच्या बुटांतून, अवजारांतून आणि रोगट रोपांच्या मातीतूनही येतो.

२. पोत. मातीचा ढेकूळ फोडून काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा भरावा, वर पाणी घालावे, खूप हलवावे आणि बरणी स्थिर ठेवावी. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, गाळ काही तासांत, चिकणमाती दिवसभर किंवा त्याहून अधिक काळ पाणी गढूळ ठेवते. बरणीत निम्म्याहून बरीच जास्त वाळू दिसली तर पिनकुशनला ती माती पसंत पडेल. चिकणमातीचा थर जाड असेल तर ती भाताला द्यावी.

३. सामू. साधारण ५ ते ६ च्या आसपासचा सामू बहुतेक जातींना मानवतो. चुना आहे की नाही हे घरीही कळते. कोरड्या मातीवर व्हिनेगर टाकले आणि ती फसफसली तर चुना आहे. मात्र फसफसली नाही म्हणजे माती आम्ल आहेच असे नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतली तपासणी हवी.

४. शेताचा इतिहास. हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. या जमिनीत आधी काय होते? बटाटा, भाजीपाला किंवा गहू घेताना वर्षानुवर्षे फॉस्फेटची खते पडली असतील तर ते स्फुरद अजून तिथेच आहे. नत्र पाण्याबरोबर वाहून जाते, स्फुरद मातीला धरून राहते. डीएपीच्या ५० किलोच्या एका गोणीत २३ किलो फॉस्फेट असते. अशा किती गोण्या पडल्या याचा हिशेब जमीन विसरत नाही. म्हणून पिनकुशनसाठी कधीही न खतावलेली जागा बरी. लावल्यानंतरही सुपर फॉस्फेट, हाडांचा चुरा आणि कोंबडीखत लांब ठेवावे.

५. वरचा थर. त्या मुळ्यांचे झुबके अगदी वर असतात. लावल्यानंतर बुंध्याभोवती खुरपणी, खणणी करू नये. तण हाताने उपटावे आणि लाकडाच्या ढलप्यांचे किंवा पाल्याचे आच्छादन घालावे. फक्त ते खोडाला टेकू देऊ नये.

चुनखडीची जमीन असेल तर? निसर्गाने तिथेही एक वाट ठेवली आहे. ल्युकोस्पर्मम पॅटरसोनी ही जात केपच्या किनाऱ्यालगत चुनखडकावरच उगवते. तिच्या खुंटावर बाजारातल्या जातींचे कलम बांधले की चुनखडीची जमीनही काही प्रमाणात वापरता येते. जमीन बदलण्यापेक्षा जमिनीला मानवणारे मूळ शोधणे स्वस्त पडते, हे तिथल्या बागायतदारांना उमगले आहे.

एलिमचा माळ

आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, अगुल्हास भूशिराजवळ, एलिम नावाचे गाव आहे. मोरावियन मिशनने ते १८२४ मध्ये वसवले. नाव निर्गमाच्या पुस्तकातल्या त्या मुक्कामावरून, जिथे बारा झरे आणि सत्तर खजुरीची झाडे होती. पांढऱ्या भिंतींची, गवती छपरांची घरे आजही तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहेत. केपमधल्या अशा मिशनवस्त्यांत मूळचे खोईखोई लोक राहत होते, आणि १८३८ मध्ये गुलामगिरीतून सुटलेली अनेक कुटुंबे तिथेच आसऱ्याला आली.

गावाभोवतीचा माळ लोहयुक्त खड्यांचा आहे. कोकणातल्या जांभ्याची आठवण व्हावी अशी ती जमीन. फुलांच्या दृष्टीने हा माळ श्रीमंत. आसपासच्या रानातून फुले तोडून, काही ताजी तर काही वाळवून विकणे हा या भागातल्या गोरगरीब कुटुंबांच्या कमाईचा एक मार्ग आहे. जंगली फुले तोडायला परवाना लागतो. जाणती माणसे प्रत्येक झुडपावर काही फुले बियांसाठी सोडतात. पिनकुशनचे बी मुंग्या त्याच्यावरच्या गोड-तेलकट सालीसाठी वारुळात नेतात. साल खाऊन झाली की बी जमिनीत सुरक्षित पडून राहते आणि वणव्यानंतर माती उघडी पडली की रुजते. सगळी फुले तोडली तर पुढच्या वणव्यानंतर तिथे काही उगवणार नाही. याच भागात, गान्सबाई गावाजवळ, १९९९ पासून फ्लॉवर व्हॅली नावाचा न्यास रान टिकवून फुले तोडण्याची पद्धत रुजवत आहे.

याच माळाचा मोठा भाग मात्र धान्य आणि कुरणांसाठी नांगरला गेला. ‘पडीक जमीन कामी आली’ असेच तेव्हा वाटले असणार. आता त्या नांगरलेल्या, खतावलेल्या तुकड्यांवर पुन्हा फिनबॉस आणणे अतिशय अवघड झाले आहे, कारण जमिनीतले स्फुरद निघत नाही आणि बियांचा साठा संपला आहे. ज्या मातीला लोक गरीब म्हणत होते, तिच्यावर गरिबांची एक मिळकत उभी होती.

आपल्याकडे लावावे का?

वाचकांपैकी काहींना प्रश्न पडेल, महाराष्ट्रात पिनकुशन लावून पाहावे का? घाटमाथ्यापलीकडची काळी जमीन चिकण, चुनखडीयुक्त आणि पाणी धरून ठेवणारी. तिथे विचारच करू नये. कोकणातली जांभी माती आम्ल आणि निचऱ्याची असली तरी तिथे दोन-तीन हजार मिलिमीटर पाऊस गरमीच्या महिन्यांत कोसळतो, आणि पिनकुशनच्या मुळांना नेमके तेच सोसत नाही. हौसेने एखादे रोप भरड वाळूच्या कुंडीत, पावसापासून आडोशाला, थंड हवेच्या ठिकाणी जपता येईल. पाड्यावरच्या कुटुंबाला उत्पन्नासाठी मात्र हे रोप देऊ नये. फूल सुंदर आहे आणि परदेशात भाव आहे, एवढ्यावर कोणाचे शेत पणाला लावता येत नाही.

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार आणि विक्रमगड भागात आदिवासी शेतकरी मोगरा लावतात आणि त्यांची फुले मुंबईच्या दादर बाजारात जातात. मोगऱ्याचे म्हणणे पिनकुशनच्या उलट. त्याला निचरा हवाच, पण शेणखतही हवे आणि खाऊपिऊ घातलेली माती हवी. भाताच्या पाणथळ खाचरात तो टिकत नाही. बांधावर, उताराच्या मध्यम जमिनीत, उन्हाळ्यात थोडे पाणी मिळाले तर चांगला येतो. त्याच डोंगराच्या वरच्या वरकस उतारावर नागली आणि वरई पिकते. एकाच पाड्यात तीन तऱ्हेच्या जमिनी आणि तिघींची मागणी वेगळी. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे ठाऊक असते. ‘इथं काय येतं, काका?’ असे विचारले की ते सांगतात.

गोणी पाठवण्याआधी

म्हणून रोपे आणि खताच्या गोण्या यांसाठी देणगी देताना त्याआधी माती तपासली आहे का, एवढे जरूर विचारावे. केंद्र सरकारची मृदा आरोग्य पत्रिका योजना २०१५ पासून चालू आहे. त्या पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये अशा १२ गोष्टींची नोंद असते. जांभ्या जमिनीत स्फुरद मातीला जखडले जाते, त्यामुळे अन्नपिकांना ते बाहेरून द्यावे लागण्याचा संभव असतो. दुसऱ्या शेतात ते पुरेसे असते आणि गोणीचे पैसे फुकट जातात. कोणत्या शेतात काय, हे अंदाजाने कळत नाही.

नमुना घेणे अवघड नाही. पीक निघाल्यावर, पावसाच्या आधी, शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणे निवडावीत. बांध, उकिरडा, झाडाखालची आणि विहिरीजवळची जागा टाळावी. नुकतेच खत घातलेल्या शेतातून नमुना घेऊ नये. प्रत्येक ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा करून कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून प्लास्टिकच्या बादलीत घ्यावी. सगळी एकत्र करून पसरावी, चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकावेत. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करावे. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरावी. सोबत शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक, मागचे पीक आणि पुढे घ्यायचे पीक लिहावे. पिशवी जिल्ह्याच्या मृद तपासणी प्रयोगशाळेत किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात द्यावी. फळझाडांसाठी नमुना याहून खोल लागतो, ते तिथेच विचारून घ्यावे.

आपल्या मंडळीतली तरुण मुले मे महिन्याच्या सुट्टीत पाड्यांवर जातात. त्यांच्या हाती यंदा एक कुदळ, एक बादली आणि डझनभर कापडी पिशव्या द्याव्यात. जूनच्या पहिल्या पावसाआधी त्या कुटुंबांना आपल्या जमिनीची पत्रिका मिळाली, तर कोणते रोप मागायचे आणि कोणत्या खताला नको म्हणायचे, ते तेच आपल्याला सांगतील.